बिनतिकिटाचा ‘च’

अकोल्याच्या जठारपेठेत दुपारी बारा-साडेबाराच्या सुमाराला कोणाच्या घरून निघायची वेळ आली, की दारात तीनपैकी एक वाक्य ऐकू येतं. ‘जेवून जा’, ‘जेवून जा नं’ किंवा ‘जेवूनच जा’. व्याकरणाच्या पुस्तकाला विचारलं तर तिन्ही वाक्यांत समोरच्या माणसाने आधी जेवावं आणि मग जावं, एवढंच सांगितलेलं आहे. जठारपेठेतल्या माणसाला विचारलं तर तिन्हींचा अर्थ वेगळा, आणि पहिल्याचा तर जवळजवळ उलटा. नुसतं ‘जेवून जा’ हे सभ्यतेचं वाक्य आहे. पाहुण्याने ‘नाही, आता निघतो’ म्हणावं म्हणून त्यात मुद्दाम जागा सोडलेली असते. ‘जेवून जा नं’ म्हटलं की स्वयंपाक तयार आहे, पण कणीक पाहुण्याला धरून भिजवलेली नाही. एकदा-दोनदा नाही म्हणता येतं, तिसऱ्यांदा म्हटलं तर घरच्या वहिनींना राग येतो. आणि ‘जेवूनच जा’ ऐकू आलं की चपला काढून ठेवाव्यात, कारण आत ताट घेऊन झालेलं असतं. तो ‘च’ किंवा तो ‘नं’ काढून टाकला तर वाक्याचं काही बिघडत नाही. दुपारचं बिघडतं.

नसले तरी चालतील अशा या शब्दांशी शालेय व्याकरण फारसं बरं वागलेलं नाही. ‘म्हणे’, ‘आपला’, ‘बापडा’, ‘बेटा’ यांना आपली पाठ्यपुस्तकं ‘व्यर्थ उद्गारवाची’ म्हणतात, आणि ‘बरं का’, ‘जळ्ळं मेलं’ यांची बोळवण ‘पादपूरणार्थ’ म्हणून करतात, म्हणजे ओळ कमी पडली तर भरायला. ही खोड आपल्या मास्तरांची नव्हे, ती फार जुनी आहे. यास्कांनी निरुक्तात निपातांचे, म्हणजे अशाच छोट्या अव्ययांचे, प्रकार सांगताना केवळ पद भरून काढणाऱ्या निपातांना वेगळी रांग दिली, आणि अमरसिंहांनी आपल्या कोशात अशा अक्षरांची यादीच करून ठेवली. पण ज्याला व्यर्थ म्हणायचं ते एकदा काढून तरी पाहावं. ‘तो म्हणे आजारी आहे’ या वाक्यातला ‘म्हणे’ खोडला, तर बोलणाऱ्याने डॉक्टरच्या जागी स्वतः सही केली असं होतं. आता त्या माणसाला संध्याकाळी कोणी टिळक रोडवर कचोरी खाताना पाहिलं, तर जाब बोलणाऱ्याला द्यावा लागेल. ‘मी आपला गप्प बसलो’ यातला ‘आपला’ काढला की शांत, निरुपद्रवी माणूस एकदम धुसफुसणारा माणूस होतो. वर्तमानपत्रांना ज्या कामासाठी ‘कथित’ हा जड शब्द आणि एक वकील लागतो, ते काम घरगुती ‘म्हणे’ दोन अक्षरांत करतो. एवढी जबाबदारी पेलणाऱ्या शब्दाला व्यर्थ म्हणणं हे कृतघ्नपणाचं आहे. असे शब्द घटनेबद्दल काहीच सांगत नाहीत हे कबूल. बोलणारा त्या घटनेपासून किती अंतरावर उभा आहे आणि ऐकणाऱ्याला किती जवळ ओढतो आहे, ते सांगतात. भाषेतलं निम्मं भांडण आणि बहुतेक सगळा पाहुणचार या दुसऱ्या खात्यातून चालतो.

हे ध्यानात आलं की इंग्रजी बोलायला शिकणाऱ्या वऱ्हाडी माणसाची अडचण समजते. शिकवणीत त्याला कर्ता, क्रियापद, कर्म हे सगळं मिळतं. ‘आय विल कम टुमॉरो’ हे वाक्य तो बिनचूक बनवतो, आणि बनवल्यावर त्याच्या लक्षात येतं की या वाक्यात आपण कुठेच नाही. ‘मी उद्या येईन’ हे विधान झालं. त्याला म्हणायचं असतं ‘मीच येईन’, म्हणजे पोराला पाठवणार नाही. किंवा ‘उद्याच येईन’, म्हणजे परवावर ढकलणार नाही. किंवा ‘येईनच’, म्हणजे आता पुन्हा पुन्हा फोन करू नका. मराठीत हा ‘च’ शब्दाशब्दांवर बसत जातो आणि बसेल तिथे वाक्याचा रोख फिरवतो. इंग्रज माणूस हे काम घशाने करतो. ज्या शब्दावर जोर द्यायचा तो शब्द तो उंच, लांब आणि मोठा म्हणतो, आणि लिहायची वेळ आली की घसा कागदावर येत नाही म्हणून त्या शब्दाची अक्षरं तिरकी छापतो. देवनागरीच्या छपाईत जोरासाठी अक्षर तिरकं करायची चाल फारशी रुजली नाही, याचं श्रेय टाइप पाडणाऱ्यांना देण्याआधी थोडं ‘च’ला द्यावं. जिथे शब्दाच्या शेपटाशीच जोर बांधलेला आहे, तिथे अख्ख्या शब्दाला कलंडायला लावण्याचं कारण नाही.

तेव्हा घशातला जोर शिकवणीत कोणी शिकवत नाही आणि हातातला ‘च’ इंग्रजीत चालत नाही, अशा कोंडीत सापडलेल्या माणसाने काय केलं? त्याने दोन इंग्रजी शब्दांना ‘च’च्या जागी नेमलं. ‘आजच’ला ‘टुडे इटसेल्फ’, ‘इथेच’ला ‘हिअर ओन्ली’. याला सगळे हसतात, पण हसता हसता एक गोष्ट पाहायची राहते. सकाळ, दुपार, काल, सुरुवात असं काळाचं काही असलं की साधारणपणे ‘इटसेल्फ’ येतं. माणूस, जागा किंवा तऱ्हा असली की ‘ओन्ली’ येतं. ‘मॉर्निंग इटसेल्फ’, पण ‘ही ओन्ली टोल्ड’. ही वाटणी कुठल्याही गाइडमध्ये छापलेली नाही, कोणी फळ्यावर लिहून दिलेली नाही, तरी अकोल्यापासून अमरावतीपर्यंत आणि तिथून थेट चेन्नईपर्यंत लोक ती पाळतात. न शिकवता पाळला जातो तो नियम, आणि चूक अशी शिस्तीत वागत नाही. भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी भारतीय इंग्रजीतल्या या दोन शब्दांवर गंभीर चेहऱ्याने निबंध लिहिले आहेत ते याचसाठी. रमा बिजापूरकरांनी भारतीय ग्राहकावरच्या आपल्या पुस्तकाला २००७ साली ‘वी आर लाइक दॅट ओन्ली’ हे नाव दिलं, तेव्हा तर हा ‘ओन्ली’ मुखपृष्ठावर जाऊन बसला. त्या नावातून ‘ओन्ली’ उचलला तर उरतं ते ‘आम्ही तसे आहोत’. ते एखाद्या चौकशी समितीपुढचं निवेदन वाटतं. ‘आम्ही असेच’ यातला खांदे उडवलेला भाव त्या एका शब्दात आहे.

इथे पहिला आक्षेप येणार, आणि तो हातात लाल पेन घेऊन येणार: इंग्रजांच्या इंग्रजीत हे चूक आहे. बरोबर आहे. ‘ही इज देअर ओन्ली’ हे ऐकून लंडनचा माणूस समजेल की बिचारा केवळ तिथे आहे, अन्यत्र नाही. अकोल्याच्या माणसाला म्हणायचं असतं की अरे, तो तिथेच तर आहे, नीट बघ. परदेशच्या मुलाखतीत किंवा परीक्षेत हा घोटाळा मार्क घेऊन जाईल, तेव्हा तिथे ‘ओन्ली’ घरी ठेवून जाणं शहाणपणाचं. पण लाल पेनाची हुकमत किती टिकते याचा दाखला इंग्रजीनेच देऊन ठेवला आहे. होकारार्थी वाक्यात उगीच ‘डू’ घालणं, ‘आय लव्ह’ ऐवजी ‘आय डू लव्ह’ म्हणणं, ही सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या शब्दकोशासोबतच्या व्याकरणात सदोष बोलण्याची तऱ्हा ठरवलेली आहे. जॉन्सन म्हणजे इंग्रजीचा तेव्हाचा सर्वांत मोठा मास्तर. आज तोच ‘डू’ इंग्रजी घरात आग्रहाला वापरतात. ‘सिट डाउन’ हा पोलिसाचा हुकूम, ‘डू सिट डाउन’ हे यजमानाचं बोलणं. ‘बसा’ आणि ‘बसा नं’. गंमत अशी की आपल्या शिकवणीत ‘डू’ प्रश्नाला आणि नकाराला लागतो एवढंच पक्कं केलेलं असतं, आणि कोणा पोराने ‘आय डू नो हिम’ लिहिलं तर ‘डू’वर काट मारली जाते. म्हणजे इंग्रजीतला एकुलता एक अस्सल ‘नं’ आपण वर्गातून हाकलून देतो, आणि मग पोरं ‘ओन्ली’ वापरतात म्हणून रडतो.

दुसरा आक्षेप काटकसरीचा. कमी शब्दांत बोलावं, वाक्यात गरज नसलेला शब्द ठेवू नये. या पंथाचे आद्य पुरुष म्हणजे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम स्ट्रंक. त्यांनी १९१८ साली विद्यार्थ्यांसाठी एक छोटं पुस्तक छापून घेतलं आणि त्यात अनावश्यक शब्द गाळा असा नियम घातला. त्यांचे विद्यार्थी ई. बी. व्हाइट यांनी पुढे १९५९ मध्ये ते पुस्तक सुधारून जगभर नेलं. पण व्हाइट यांनीच लिहून ठेवलं आहे की स्ट्रंक वर्गात इतके शब्द गाळायचे की बोलायला काही उरायचं नाही, म्हणून वेळ भरून काढायला ते प्रत्येक वाक्य तीनदा म्हणत. हा नियमसुद्धा तीनदाच. शब्दाला गेटाबाहेर काढलं की तो तिप्पट होऊन खिडकीतून आत येतो, याहून चांगला पुरावा वऱ्हाडातही सापडायचा नाही. आणि ‘अनावश्यक शब्द गाळा’ या वाक्यात व्याकरणाच्या दृष्टीने गाळता येण्याजोगा शब्द एकच आहे, ‘अनावश्यक’. तो गाळून पाहावा. जे उरतं ते पाळायचं ठरवलं तर सगळ्यांनाच गप्प बसावं लागेल, निदान स्ट्रंकना तरी.

काटकसरीचा मुद्दा पैशाने मोजायचा असला तरी ‘च’ जिंकतो. जुलै २०१३ मध्ये बंद झालेल्या तारेत शब्दामागे पैसे पडत. इंग्रजीत जोर द्यायचा तर ‘व्हेरी’, ‘डेफिनेटली’ असा आणखी एक शब्द घालून त्याचे वेगळे पैसे भरावे लागत. ‘उद्याच या’ मध्ये ‘च’ आधीच ‘उद्या’च्या अंगाला चिकटून बसलेला, त्याला वेगळा शब्द म्हणणार कोण? असा बिनतिकिटाचा प्रवासी दुसऱ्या कुठल्या भाषेत इतक्या राजरोसपणे हिंडत नसेल. पैशाचंच चाललं आहे तर बँकेकडेही बघावं. चेकवर रक्कम अक्षरी लिहून पुढे ‘फक्त’ लिहितात. पाच हजार हे ‘फक्त’ नसतानाही पाच हजारच असतात, उलट ज्याच्या खात्यातून जातात त्याला ते फक्त मुळीच वाटत नाहीत. पण तो शब्द असला की ‘पाच हजार’च्या पुढे ‘नऊशे नव्याण्णव’ घुसवायला जागा राहत नाही. जगातला सर्वांत चिकट व्यवहार, जिथे पैशापैशाचा हिशेब, तिथेसुद्धा एक अर्थाने अनावश्यक शब्द राखणीला बसवलेला आहे. इंग्रजीत त्या राखणदाराचं नाव काय? ‘ओन्ली’.

तिसरा आक्षेप खरा वजनदार आहे. जोर रोज दिला की जोर राहत नाही. पाऊस ‘लय’ होता, मग ‘लयच’ होता, मग ‘भल्लाच’ होता, आणि शेवटी ‘लय म्हंजे लयच’ होता. उद्या खरंच मोर्णेला पूर आला तर बोलायला काय ठेवलं? याला उत्तर देताना एक फरक करावा लागतो, जो आक्षेप घेणारे करत नाहीत. जोराचे शब्द दोन जातींचे असतात. एक मापणारे, दुसरे बोट दाखवणारे. ‘लय’, ‘भल्ला’, ‘भयंकर’, ‘एकदम’ हे मापणारे. ते झिजतात हे मान्य. ‘भयंकर सुंदर’ साडी पाहून आता कोणाला भय वाटत नाही, आणि इंग्रजांच्या ‘ऑफुली नाइस’ मधलं भयही असंच विरलं. त्यांचा ‘व्हेरी’ मुळात जुन्या फ्रेंचमधला, ‘खरा’ या अर्थाचा. खरेपणाची शपथ घालून घालून तो एवढा बोथट झाला की आता तिथे ‘लिटरली’ला उभं करावं लागतं, आणि त्याचेही दिवस भरत आले आहेत. पण ‘च’ मापत नाही. तो फक्त दाखवतो: हाच, दुसरा नाही. बोट कितीदाही दाखवलं तरी बोट झिजत नाही. बाराव्या शतकात हेमचंद्रांनी प्राकृताचं व्याकरण लिहिताना अवधारणासाठी, म्हणजे ‘हाच’ असं ठासून सांगण्यासाठी, ‘चेअ’, ‘चिअ’, ‘च्च’ हे शब्द नोंदवले आहेत. तेराव्या शतकातल्या ज्ञानेश्वरीत तो ‘चि’ आहे, आणि त्याच काळात आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी जोडलेल्या महानुभावांच्या गद्यातही तो जागोजाग भेटतो. मधल्या काळात राज्यं गेली, वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे गेलं, मध्य प्रांताला जोडलं गेलं, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलं आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. एवढ्या उलाढालीत ‘च’ तेच काम त्याच जागी करतो आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. जुनेपणाचा पुरावा म्हणून एकटा ‘च’ दिल्लीला पाठवला असता तरी खर्च बराच वाचला असता.

शेवटचा आक्षेप पुण्याकडून येतो आणि तो बोलून दाखवला जात नाही, भुवईने कळवला जातो. ‘च’ ठीक, पण हे ‘नं’, ‘तं’, ‘गा’, ‘बाप्पा’ म्हणजे खेडवळ भर आहे. इथे थोडं थांबायला हवं, कारण वऱ्हाडीचा खरा ऐवज यातच आहे. ‘तं’ घ्या. ‘मी तं पहिलेच म्हटलं होतं’ हे वाक्य निकाल लागल्यावर, सामना हरल्यावर, कपाशीचे भाव पडल्यावर जठारपेठेच्या कोणत्याही ओट्यावर ऐकू येतं. त्यातला ‘तं’ केवळ प्रमाण मराठीतल्या ‘तर’चं लहान भावंड नव्हे. तो चारचौघांना हळूच बाजूला सारून बोलणाऱ्याला एकट्याला पुढे आणतो: बाकीच्यांचं सोडा, मी. आणि ‘पहिलेच’ मधला ‘च’ तारीख पक्की करतो. एका वाक्यात आधी साक्षीदार उभा केला आणि मग पंचनामा केला. ‘तुले तं मालूमच हाये’ हे त्याहून पोचलेलं. ऐकणाऱ्याला सगळं माहीत आहे असं आधी जाहीर करायचं, म्हणजे त्याला अडवता येत नाही, आणि मग तीच गोठ अर्धा तास सांगायची. ‘गा’ची तर वेगळीच प्रतिष्ठा. ‘काहून गा’, ‘होय गा’ म्हणणाऱ्याला गावंढळ समजणाऱ्यांनी ज्ञानेश्वरी उघडावी. तिथे साक्षात श्रीकृष्ण अर्जुनाशी बोलताना ‘गा’ म्हणतात. पुण्याकडे तो पोथीत राहिला, वऱ्हाडात तो पानटपरीवर आहे. ग्रिअरसनने भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीचा खंड १९०५ मध्ये काढला तेव्हा वऱ्हाडीला तिचं वेगळं दालन दिलं. नमुन्यासाठी त्याने ठिकठिकाणच्या बोलींत बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट उतरवून घेतली. घर सोडून गेलेला पोरगा परत येतो आणि बाप आधी काही विचारत नाही, जेवणाच्या तयारीला लागतो. निदान वऱ्हाडाला तरी ही गोष्ट परकी वाटायचं कारण नव्हतं.

तरी कोणी म्हणेल, हे सगळं बोलण्यापुरतं. लिहिताना माणूस शुद्धीवर येतो. येतो का? सरकारी कचेरीतला रजेचा अर्ज घ्या. ‘महोदय, सविनय सादर विनंती की, कृपया’ इथून सुरुवात होऊन शेवटी ‘ही नम्र विनंती’ येते. यातले अनावश्यक शब्द गाळले तर अर्ज उरतो ‘रजा द्या’. तो मंजूर होण्याची शक्यता फार नाही. इंग्रजीत अर्ज करणारा तेच ‘काइंडली’ आणि ‘प्लीज’ एकाच वाक्यात घालतो आणि मास्तर त्याला द्विरुक्ती म्हणतो. पण ज्याने साहेबाच्या टेबलापुढे उभं राहून रजा मागितली आहे त्याला एका ‘प्लीज’ने भागत नाही हे ठाऊक असतं. लग्नपत्रिकेत ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापतात. कुटुंब आणि परिवार यांतला फरक विचारायला छापखान्यात अजून कोणी गेलं नाही, कारण दोन्ही शब्द माणसं मोजायला नाहीतच. त्यातला दुसरा शब्द वाचूनच मावशी ठरवते की शेजारच्या बाईलाही सोबत न्यायला हरकत नाही.

तेव्हा जठारपेठेतल्या शिकवणीने एक साधी गोष्ट करावी. ‘ओन्ली’वर लाल रेघ मारायची असेल तर मारावी, पण रेघ मारून मोकळी झालेली जागा तशीच रिकामी ठेवू नये. पहिल्याच आठवड्यात ‘डू’ द्यावा: ‘डू कम’, ‘डू हॅव सम टी’. ‘या नं’ म्हणणाऱ्या माणसाला तो पाच मिनिटांत कळेल, कारण त्याच्या घरी तो आधीपासून आहे. ‘आजच’साठी ‘धिस व्हेरी डे’ द्यावं, ‘मी स्वतःच’साठी ‘आय मायसेल्फ’ द्यावं, आणि वर आवाज कुठे चढवायचा तेही म्हणून दाखवावं. वऱ्हाडी माणसाला आवाज चढवायचं शिक्षण वेगळं लागणार नाही. ‘बाप्पा’ला मात्र इंग्रजीत जोडीदार शोधत बसू नये. ‘ओ माय गॉड’ जवळचं वाटतं, दोन्हींत देव आहे असंही वाटतं, पण उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेल्यावर महिनाभर कूलर चालवून आलेलं विजेचं बिल हातात धरून दोन्ही म्हणून पाहावेत. ‘ओ माय गॉड’ म्हणणारा माणूस बिल वाचत असतो. ‘बाप्पा!’ म्हणणारा ते शेजाऱ्याला दाखवत असतो, आणि त्याचं बिल किती आलं ते विचारतही असतो.